अंदमानात सहकुटुंब नाताळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की नाताळच्या सुट्टीत अंदमानला जाण्याविषयीची विचारणा सुरू होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. नेहमीचे प्रश्न त्यांच्या उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोर्ट ब्लेअर, श्री विजयपुरम, हॅवलॉक, स्वराज द्वीप ही सगळी वेगवेगळी ठिकाणे आहेत का?

नाहीत. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले. त्याआधी ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले होते. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता, त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. तिकिटे, हॉटेलांच्या पावत्या आणि रिक्षावाल्यांच्या बोलण्यात जुनी नावे अजूनही सर्रास येतात. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून येथेही जुनीच नावे वापरली आहेत. विमानतळाचे नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे आहे.

२. डिसेंबरअखेर तिकडे हवा कशी असते? स्वेटर न्यावेत का?

स्वेटर फक्त विमानापुरता न्यावा. दिवसा तापमान तीस अंशांच्या आसपास आणि रात्री तेवीस-चोवीस अंश असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपलेला असला, तरी ईशान्य मोसमी वाऱ्यांचा शेवटचा भाग डिसेंबरात चालू असतो, त्यामुळे अधूनमधून सर येते आणि समुद्र काही दिवस खवळलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र जितका शांत मिळतो, तितका नाताळात मिळेलच अशी खात्री कोणी देऊ नये. वादळाच्या शक्यतेविषयी प्रश्न २२ पाहावा.

३. नाताळासाठी गोवा जवळ असताना एवढ्या लांब का जायचे? आणि जायचेच तर लक्षद्वीप किंवा मॉरिशस का नको?

गोव्यातला नाताळ चांगलाच असतो, पण त्या आठवड्यात किनाऱ्यावरची गर्दी आणि रस्त्यांवरची कोंडी ज्यांना नको असते, तेच बहुधा आम्हाला अंदमानविषयी विचारतात. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना आधी काढावा लागतो, आणि तेथील जवळजवळ सर्व वस्ती मुस्लिम असल्याने नाताळ हा तेथील लोकांचा सण नाही. समुद्र हवा असेल तर जरूर जावे, नाताळ हवा असेल तर तेथे तो मिळणार नाही. मॉरिशसमध्ये नाताळ मोठा असतो, जुना मराठी समाजही आहे, पण तेथे तेव्हा कडक उन्हाळा आणि चक्रीवादळांचा हंगाम असतो, शिवाय पासपोर्टपासून सगळी तयारी लागते. अंदमानात आधार कार्डावर जाता येते, आणि नाताळ तेथील लोकांच्या घरचा सण आहे.

४. अंदमानात खरोखर नाताळ असतो, की हॉटेलवाले पाहुण्यांसाठी झाड उभे करतात तेवढाच?

खरोखर असतो, आणि त्याला इतिहास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अंदमान-निकोबारच्या सुमारे ३ लाख ८० हजार लोकसंख्येपैकी २१ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती होते, म्हणजे साधारण पाचांत एक. हा समाज एकसारखा नाही. निकोबारी लोक बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत. त्यांच्यातले पहिले बिशप जॉन रिचर्डसन हे स्वतः निकोबारी होते आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत या बेटांचे नियुक्त खासदारही तेच होते. दुसरा गट ‘रांचीवाल्यांचा’. १९१८ पासून जंगलतोडीच्या कामासाठी छोटानागपूरहून आदिवासी मजूर येथे आणले गेले, त्यांतले बरेच ख्रिस्ती होते, आणि त्यांची तिसरी-चौथी पिढी आता येथे आहे. तिसरा गट उत्तरेकडे मायाबंदरजवळ वेबी येथे १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून येऊन वसलेल्या कारेन लोकांचा. यांत तमिळ आणि इतर दक्षिण भारतीय ख्रिस्ती कुटुंबांची भर पडते.

म्हणून पोर्ट ब्लेअरमध्ये नाताळच्या आठवड्यात वस्त्यांमधून घरांवर कागदी चांदण्या टांगलेल्या दिसतात आणि रात्री गाणारी मंडळी घरोघरी फिरताना भेटतात. रोमन कॅथलिकांचे स्टेला मॅरिस कॅथेड्रल आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची प्रार्थनामंदिरे शहरातच आहेत. येथील बोलीभाषा हिंदी असल्यामुळे मराठी माणसाला कानावर पडणारे बरेचसे कळते, ही मोठीच सोय आहे.

५. मग २४ तारखेची रात्र कुठे काढावी? एजंटाने हॅवलॉक सुचवले आहे.

बहुतेक एजंट हेच सुचवतात, कारण त्या रात्रीचे महागडे जेवण हॅवलॉकच्या रिसॉर्टांमध्ये विकले जाते. आमचे मत नेमके उलटे आहे. हॅवलॉकची मूळ वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, म्हणजे प्रामुख्याने बंगाली हिंदूंची आहे. त्यामुळे तेथील नाताळ बहुतांशी हॉटेलच्या आवारात असतो, तोच गोव्यात किंवा लोणावळ्यातही मिळतो. गावातला सण पाहायचा असेल, तर आधी हॅवलॉक आणि नील उरकून २४ तारखेला दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला परत यावे आणि रात्र शहरात काढावी.

या क्रमाचा दुसरा फायदाही आहे. परतीच्या विमानाआधीचे दिवस तुम्ही मुख्य बेटावर असता आणि बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही. मात्र ज्यांना सण पाहण्यापेक्षा किनाऱ्यावर निवांत पडून राहण्यातच खरा रस आहे, त्यांनी एजंटाचे ऐकायला हरकत नाही. फक्त परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला पोहोचलेले असावे, ही अट कोणीही मोडू नये.

६. एकूण किती दिवस ठेवावेत आणि क्रम कसा लावावा?

लहान मुले आणि ज्येष्ठ सोबत असतील तर सहा रात्री पुरतात, सात असल्यास उत्तम. समजा २० डिसेंबरला पोहोचलात, तर त्या दिवशी फक्त विश्रांती घ्यावी. २१ ला सकाळच्या बोटीने हॅवलॉक गाठून दोन रात्री राहावे, २३ ला नीलला जाऊन एक रात्र काढावी, २४ ला पोर्ट ब्लेअरला परतावे. २५ ला सकाळी काहीही ठरवू नये, कारण रात्रीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेनंतर, मुले उशिरा उठतात. दुपारनंतर कॉर्बिन्स कोव्ह किंवा चिडिया टापू जमते. २६ ला सेल्युलर जेल आणि रॉस बेट, २७ ला परत. चार रात्रींत तिन्ही बेटे ‘कव्हर’ करून देणारी पॅकेजे असतात, पण त्यांत निम्मा वेळ जेटीवर सामान राखत बसण्यात जातो.

७. विमानाची तिकिटे कधी काढावीत? एलटीसीवर (रजा प्रवास सवलतीवर) जाता येते का?

सुट्टी निश्चित होताच काढावीत. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबाद येथे विमान बदलावे लागते. चेन्नईहून पुढचा प्रवास दोन-सव्वादोन तासांचा आहे. पोर्ट ब्लेअरची बरीचशी उड्डाणे सकाळी आणि दुपारी असतात, त्यामुळे घरून पहाटेचे किंवा आदल्या रात्रीचे विमान धरावे लागते. सोबत तान्हे बाळ किंवा गुडघेदुखीचे आजोबा असतील, तर चेन्नईत एक रात्र मुक्काम करणे अधिक सोयीचे ठरते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना स्वगावच्या एलटीसीच्या बदल्यात अंदमानला विमानाने जाण्याची सवलत वेळोवेळी मुदतवाढ देऊन चालू ठेवली गेली आहे. चालू मुदत आणि तिकीट कोणत्या मार्गाने काढायचे याचे नियम आपल्या कार्यालयातून लेखी समजून घ्यावेत. चुकीच्या मार्गाने काढलेल्या तिकिटाचे बिल नामंजूर होते. बोटीने जायचे असेल, तर चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजे जातात, पण त्यांना एका बाजूने तीन-चार दिवस लागतात. नाताळच्या सुट्टीत ते बसत नाही.

८. बेटांमधल्या बोटी सरकारी घ्याव्यात की खासगी?

नाताळच्या आठवड्यात खासगी घ्याव्यात. खासगी वेगवान बोटी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड तासात नेतात, त्यांची जागा घरबसल्या बऱ्याच आधी राखून ठेवता येते. सरकारी बोट स्वस्त आहे, पण तिला सुमारे अडीच तास लागतात, आरक्षण प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुले होते आणि स्थानिकांना त्यात प्राधान्य असते. ते योग्यही आहे, कारण त्यांच्यासाठी ती एसटी आहे. नाताळासाठी हजारो लोक आपापल्या गावी जात असतात, अशा वेळी पर्यटकांनी त्या जागांसाठी रांग लावू नये असे आम्हाला वाटते.

बोटीवर चढताना प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र लागते, मुलांचेसुद्धा. आधारची मोबाइलमधली छायाप्रत चालेल या भरवशावर राहू नये.

९. सासूबाईंना बोट लागते. काय करावे?

दोन गोष्टी कराव्यात. पहिली, बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. बीपी, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तर न विचारता अशी गोळी घेऊच नये. दुसरी, जागा निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावर, मध्यभागी किंवा मागच्या बाजूला घ्यावी, कारण बोटीचे नाक सर्वांत जास्त वर-खाली होते. खासगी बोटींचे डबे बंद आणि वातानुकूलित असतात, त्यात काहींना जास्त मळमळते. सरकारी बोटीच्या मोकळ्या डेकवर क्षितिजाकडे पाहत उभे राहता येते, एवढी एक गोष्ट तिच्या बाजूने आहे. सकाळी रिकाम्या पोटी नेऊ नये, आणि पुरी-भाजी खाऊनही नेऊ नये.

१०. संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. अंदमान मुंबईपासून वीस अंश रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आतच उगवतो आणि पाच वाजून काही मिनिटांनी मावळतो. साडेपाचला पूर्ण अंधार होतो. आपल्या सवयीने नऊला नाश्ता आणि अकराला बाहेर पडणे असा बेत ठेवला, तर हातात दिवसाचे सहा तासच उरतात. सहाला उठून सातला किनारा गाठावा, दुपारी झोपावे. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायचा असेल, तर चारच्या आत पोहोचावे. जेटीपासून तो सुमारे बारा किलोमीटर आहे आणि अंधार पडू लागताच रखवालदार शिट्ट्या मारून किनारा रिकामा करतात.

११. आम्ही ख्रिस्ती नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलेले चालते का?

चालते, आणि कोणी हटकत नाही. काही रीत मात्र पाळावी. मिस्सा ठरल्या वेळी सुरू होते, म्हणून अर्धा तास आधी जावे आणि मागच्या बाकांवर बसावे, पुढच्या जागा तेथील कुटुंबांच्या असतात. खांदे-गुडघे झाकणारे कपडे असावेत. इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे, गुडघे टेकतील तेव्हा शांत बसून राहिले तरी पुरते. ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागते तेव्हा आपण जागेवरच थांबावे. देवळातला प्रसाद सर्वांना मिळतो, त्यामुळे मुले सहज उठून रांगेत जातात, म्हणून त्यांना हे आधी समजावून सांगावे. प्रार्थना चालू असताना मोबाइल वर करून चित्रण करू नये. गव्हाणीच्या देखाव्याचे छायाचित्र नंतर विचारून काढता येते. वेळ दरवर्षी बदलू शकते, म्हणून आदल्या दिवशी चर्चच्या फाटकावरचा फलक वाचून यावा. मुले फार लहान असतील, तर २५ ला सकाळची मिस्सा अधिक सोयीची असते.

१२. आम्ही वसईचे कॅथलिक आहोत. मराठी मिस्सा मिळेल का?

मराठी मिस्सेची अपेक्षा ठेवू नये. हिंदी, इंग्रजी आणि तमिळ या भाषा तेथे चालतात. हिंदी मिस्सेत रांचीवाल्या कुटुंबांची गायनाची लकब ऐकण्यासारखी असते. मिस्सेनंतर बाहेर थांबलात आणि वसईहून आलो असे सांगितलेत, तर चहा-केकसाठी घरी बोलावणारे कोणी ना कोणी भेटते. म्हणून घरच्या नाताळच्या फराळातला एखादा डबा बरोबर असू द्यावा.

१३. रिसॉर्टने २४ आणि ३१ तारखेच्या ‘गाला डिनर’चे पैसे सक्तीचे म्हटले आहे. नाकारता येतात का?

आरक्षणाच्या अटींत आधी लिहिले असेल तर नाकारता येत नाहीत, बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. म्हणून खोलीचा दर विचारताना त्यात ही रक्कम धरली आहे का, पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला किती आकारतात, आणि शाकाहारी माणसाला त्यात नेमके काय मिळेल, हे लेखी विचारावे. प्रश्न ५ मधील क्रम पाळल्यास निदान २४ तारखेची ही सक्ती टळते, कारण शहरातल्या साध्या हॉटेलांमध्ये ती सहसा नसते.

१४. २६ डिसेंबर हा त्सुनामीचा दिवस. त्या दिवशी फिरणे योग्य आहे का?

योग्य आहे, पण दिवसाचे भान असावे. २००४ साली तो रविवार होता आणि निकोबारमध्ये नाताळची रात्र संपून सकाळ नुकतीच झाली होती. आपल्या वेळेनुसार साडेसहाला एक मिनिट कमी असताना सुमात्राजवळ भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा आल्या. कार निकोबार, कचाल आणि आसपासच्या बेटांवर गावेच्या गावे गेली, आणि भारताचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला. म्हणून या बेटांवर नाताळ आणि श्राद्ध लागोपाठ येतात. अनेक ख्रिस्ती घरांत २६ ला प्रार्थना असते, मेणबत्त्या लावल्या जातात. टॅक्सीचालकाने त्या सकाळी उशिरा येण्याची परवानगी मागितली, तर कारण न विचारता द्यावी.

मुलांना दाखवण्यासारखी एक जागा वांडूरच्या रस्त्यावर आहे. सिप्पीघाट येथे रस्त्याच्या कडेला खारे पाणी पसरलेले आणि त्यात वठलेली झाडे उभी दिसतात. ती पूर्वी भातशेती होती. भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खाली गेली आणि भरतीचे पाणी शेतात शिरले, ते पुन्हा गेलेच नाही. उत्तर अंदमानात नेमके उलटे झाले, तेथे जमीन वर आली आणि प्रवाळ उघडे पडून मेले.

१५. सणाच्या सहलीत मुलांना सेल्युलर जेल दाखवावे का? मन खिन्न होणार नाही का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना अवश्य दाखवावे. मराठी कुटुंबे बहुधा सावरकरांची कोठडी पाहण्यासाठीच येतात. ती शिल्लक असलेल्या भागात सर्वांत वरच्या मजल्यावर टोकाला आहे, त्यामुळे ज्येष्ठांना जिने चढावे लागतात. सावरकर येथे १९११ ते १९२१ होते, आणि थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच येथे आले होते. एकाच इमारतीत असूनही दोघांना भेटू दिले जात नव्हते, हे मुलांना सांगितले की वास्तूची रचना त्यांना आपोआप समजते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे सात पंख मधल्या मनोऱ्यापासून फाकलेले होते, आणि प्रत्येक पंखाच्या कोठड्यांची दारे पुढच्या पंखाच्या पाठीकडे उघडत, म्हणजे समोर दुसरा कैदी कधीच दिसू नये. आता सातांपैकी तीनच पंख उरले आहेत. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे नाताळच्या आठवड्यात लवकर संपतात, ती आधीच काढावीत.

खिन्नतेचा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय म्हणून त्याच दिवशी ॲबर्डीन जेटीवरून दहा-पंधरा मिनिटांच्या बोटीने रॉस बेटावर न्यावे. तेथे हरणे आणि मोर मोकळे फिरतात. ब्रिटिशांच्या काळातील प्रेस्बिटेरियन चर्चच्या भिंती वडापिंपळाच्या जातीच्या मुळांनी इतक्या वेढल्या आहेत, की खिडकीची कमान कोणती आणि मूळ कोणते हे जवळ गेल्यावरच कळते. १९४१ चा भूकंप आणि १९४२ चे जपानी आक्रमण यांनंतर हे बेट ओस पडले.

१६. समुद्रात मगरी असतात हे खरे का? मुलांना पाण्यात सोडावे का?

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. हॅवलॉकच्या परिसरातही झाले आहेत. त्या प्रामुख्याने खाड्या, तिवरांची जंगले आणि ओढ्यांच्या मुखाशी असतात. म्हणून नियम सोपे आहेत : फलक लावलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये, जीवरक्षक असलेल्या किंवा जाळी लावलेल्या भागातच पोहावे, संध्याकाळनंतर पाण्याजवळ थांबू नये, आणि किनाऱ्याला मिळणाऱ्या ओढ्यात मुलांना ‘गोडे पाणी आहे’ म्हणून खेळू देऊ नये. हे पाळले तर घाबरण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मुलांच्या तक्रारी वाळूतल्या बारीक चिलटांच्या चावण्याबद्दलच जास्त असतात.

१७. स्कूबासाठी वयाची अट काय? पोहता येत नसेल तर?

शिकाऊ डाइव्हसाठी साधारणपणे किमान वय दहा वर्षे धरले जाते. पोहता येत नसले तरी प्रशिक्षक हात धरून नेतो, त्यामुळे अडत नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर फॉर्मवर खोटे लिहू नये. सर्दी झालेल्या मुलालाही खाली नेऊ नये, कान फुटण्याची भीती असते. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी नीलच्या भरतपूर किनाऱ्यावरची काचेच्या तळाची होडी चांगली.

१८. सकाळी डाइव्ह करून त्याच संध्याकाळी विमान पकडता येईल का?

नाही. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एक डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक केल्या असतील तर १८ तास थांबण्याची शिफारस आहे. आम्ही सरसकट २४ तास सांगतो. स्नॉर्कलिंगला हा नियम लागू नाही.

१९. बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहाव्यात का?

लहान मुले असतील तर आम्ही नको म्हणतो. पहाटे तीन-चारला हॉटेल सोडून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांग लावावी लागते आणि संपूर्ण दिवस जातो. शिवाय हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. त्यातील भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे या सर्वांना कायद्याने बंदी आहे आणि तुरुंगवास होऊ शकतो. ‘जारवा दिसतील’ असे आमिष दाखवणाऱ्या चालकाची गाडी घेऊच नये. माणसे बघायला जाणे ही सहल नव्हे.

२०. शाकाहारी जेवणाची सोय होते का? आमच्यात जैन मंडळीही आहेत.

शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते, तमिळ आणि बंगाली वस्तीमुळे इडली-डोसा आणि डाळ-भात-भाजी यांची अडचण नाही. जैन पद्धतीचे जेवण आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही, आणि नीलसारख्या छोट्या बेटावर सांगूनही मिळेल असे नाही. भाज्यांपैकी बराच माल मुख्य भूमीवरून येतो, त्यामुळे त्या महाग असतात. मेतकूट, खाकरे, दशम्या बरोबर असाव्यात. नाताळचा केक घेताना अंडे आणि मद्य यांविषयी विचारावे.

२१. तब्येत बिघडली तर काय? नेटवर्क आणि पैसे?

मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे पोर्ट ब्लेअरचे गोविंद बल्लभ पंत रुग्णालय, जे सेल्युलर जेलच्याच पाडलेल्या पंखांच्या जागेवर उभे आहे. हॅवलॉक आणि नीलवर प्राथमिक सोयी आहेत, गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरला हलवावे लागते. म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्येष्ठांनी बाहेरच्या बेटांवर मुक्काम टाळावा. नेहमीची औषधे चार-पाच दिवस जास्तीची आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत.

चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे, तरीही बाहेरच्या बेटांवर ते दगा देते. यूपीआय चालते, पण नारळपाणीवाल्यापुरती रोख जवळ हवीच.

२२. वादळामुळे बोटी बंद पडल्या तर?

डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात असेच झाले. हवामान बिघडल्यामुळे हॅवलॉक आणि नील येथे हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकले, आणि शेवटी नौदल व तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढले. नाताळच्या आठवड्यात असे दरवर्षी होत नाही, पण एक-दोन फेऱ्या रद्द होणे नवलाचे नाही. बोट रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे मिळतात, चुकलेल्या विमानाचे मिळत नाहीत. प्रश्न ५ मधील अट त्यासाठीच आहे. हॉटेलवाल्याचा फोन क्रमांक कागदावर लिहून ठेवावा आणि धोक्याच्या इशाऱ्यात खासगी होडी ठरवण्याचे धाडस करू नये.

२३. मुलीने किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळ उचलला. घरी आणता येईल का?

येणार नाही. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. मेलेला, तुटलेला, किनाऱ्यावर पडलेला असा भेद चालत नाही. विमानतळावर सामान तपासताना तो काढून घेतात आणि प्रकरण वाढू शकते. तो तिच्याच हाताने पाण्यात परत टाकू द्यावा. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच असतील, तर अधिकृत दुकानातून पावतीसह घ्याव्यात आणि पावती सामानात वर ठेवावी.

२४. आमचा मुलगा-सून अमेरिकन पासपोर्टवर येणार आहेत. त्यांना परवाना लागतो का?

नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी २०१८ पासून नियम बरेच शिथिल झाले आहेत, पण परदेशी पासपोर्टधारकांची नोंद पोर्ट ब्लेअर विमानतळावरील इमिग्रेशन खिडकीवर करावी लागते. पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मूळ स्वरूपात सोबत हवे, आणि बोटींच्या व हॉटेलांच्या आरक्षणातही तेच नाव, तसेच लिहिलेले हवे. या नोंदीला वेळ लागतो, म्हणून उतरल्यावर तासाभरात सुटणारी हॅवलॉकची बोट त्यांच्यासाठी धरू नये. निवडक देशांच्या नागरिकांना ही सूट नाही, तसेच ओसीआयधारकांसाठी संरक्षित क्षेत्रांचे वेगळे नियम आहेत, म्हणून तिकिटापूर्वीच अंदमान प्रशासनाकडे विचारणा करावी.

२५. ऑफिसातल्या निकोबारी सहकाऱ्याने कार निकोबारला घरी नाताळासाठी बोलावले आहे. सहकुटुंब जाता येईल का?

सहसा नाही. निकोबार हे १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली राखीव क्षेत्र आहे आणि पर्यटक म्हणून तेथे प्रवेश नाही, मग तुम्ही भारतीय नागरिक असलात तरी. आदिवासी पास लागतो, तो मुख्यतः नोकरी, शासकीय काम किंवा तत्सम ठोस कारणासाठी मिळतो. केवळ निमंत्रण आहे म्हणून तो मिळेल असे गृहीत धरून तिकिटे काढू नयेत. सहकाऱ्याने तेथील प्रशासनाकडे तुमच्या नावांसह रीतसर अर्ज करून पाहावा, आणि होकार हाती येईपर्यंत पोर्ट ब्लेअरचा बेत कायम ठेवावा. तेथे निकोबारी कुटुंबे राहतात, त्यामुळे सहकाऱ्याचे नातेवाईक शहरात असतील, तर त्यांच्याकडे नाताळच्या जेवणाला जाणे हा सरळ मार्ग आहे. त्या जेवणात डुकराचे मांस मानाचे असते. आपण खात नसू तर निमंत्रण स्वीकारतानाच सांगावे, पानावर बसल्यावर सांगू नये.